क्यूजीआयएसचे मराठी व्हिडिओ लोक अर्ध्यात सोडायलेत. आधी काय दुरुस्त करू?

शिवार_नकाशा, लातूर

राम राम मंडळी. पाणलोटाच्या कामावर असणाऱ्यांसाठी, म्हणजे कृषी सहायक, जलसंधारणाचे कनिष्ठ अभियंते, संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी क्यूजीआयएसचे (नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) मराठी व्हिडिओ बनवायलोय. अकरा झाले. गावनकाशा जिओरेफरन्स करणे (म्हणजे जमिनीवरच्या खऱ्या जागेवर बसवणे), गटांच्या हद्दी काढणे, क्षेत्रफळ, नाल्याभोवती बफर (ठरावीक अंतराचा पट्टा), डीईएमवरून (जमिनीच्या उंचीची फाइल) पाणलोट क्षेत्र असे विषय. एकेक व्हिडिओ २० ते ३५ मिनिटांचा.

सामान: १५.६ इंची लॅपटॉप, स्क्रीन १९२० बाय १०८०, ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडो कॅप्चर, माइक लॅपटॉपचाच. एडिटिंग म्हणजे पुढचं-मागचं कापायचं, बस्स.

कॉमेंटमध्ये फिरून फिरून चारच गोष्टी येतात:
१. अक्षरं दिसत नाहीत.
२. आवाज घुमतो.
३. तुम्ही म्हणता तो मेनूच आमच्याकडे नाही.
४. क्षेत्रफळ शून्य येतंय. कुणाकुणाला ०.०००००० असं काहीतरी.

यूट्यूब स्टुडिओत बघितलं तर पहिल्या दीड मिनिटातच निम्मे लोक गळतात. खिशात तीन हजार रुपये आहेत. कॅमेरा घेऊ, माइक घेऊ का एडिटिंगचं विकतचं सॉफ्टवेअर घेऊ?

---

काळी_माती, परभणी

कॅमेरा नको, सॉफ्टवेअर नको. पहिल्या तक्रारीला तर एक रुपयाही लागत नाही.

तुमचा बघणारा कसा बसतो ते डोळ्यापुढे आणा. समोर लॅपटॉपवर क्यूजीआयएस उघडं, शेजारी पाण्याच्या बाटलीला टेकवलेला मोबाइल, त्यावर तुम्ही. आता हिशेब करा. १५.६ इंची स्क्रीन साडेचौतीस सेंटीमीटर रुंद असते. ६.५ इंची मोबाइल आडवा केला तरी त्यावर व्हिडिओ १२ सेंटीमीटरच्या आसपास रुंद दिसतो. म्हणजे सगळं जवळपास एक तृतीयांश झालं. ९ पॉइंटची अक्षरं तुमच्या स्क्रीनवर १२ पिक्सेल उंच असतात, ती मोबाइलवर पाऊण मिलिमीटर राहतात. त्यात रेंज गेली आणि यूट्यूब ३६०वर उतरलं, की त्या बाराचे चार पिक्सेल उरतात. चार पिक्सेलांत इंग्रजी अक्षर अंदाजाने ओळखता येतं. देवनागरीची मात्रा, रफार, अनुस्वार मात्र त्यात मावतच नाहीत. 'गट' आणि 'गेट' सारखेच दिसणार.

म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी असं करा. क्यूजीआयएस बंद ठेवून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करा. मग क्यूजीआयएस उघडून सेटिंग्ज, ऑप्शन्स, जनरलमध्ये फॉन्ट ११ आणि आयकॉन साइज ३२ करा, आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा, त्याशिवाय बदल पूर्ण लागू होत नाही. आता तीच अक्षरं २२ पिक्सेलच्या घरात येतात. ३६०वरही सात उरतात, वाचता येतं. जागा कमी पडेल. पडू द्या. ब्राउझर पॅनेल आणि न लागणारे टूलबार बंद करा.

पण हे टूलबार तुमच्या रोजच्या मांडणीत बंद करू नका. सेटिंग्जमध्ये यूजर प्रोफाइल्स आहे, तिथे 'व्हिडिओ' नावाचं नवं प्रोफाइल काढा. ते अगदी कोरं उघडतं, म्हणजे नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला जे दिसतं तेच. तुमच्या रोजच्या प्रोफाइलमध्ये पंधरा प्लगइन आणि त्यांचे मेनू असतात, शिकणाऱ्याकडे त्यातलं एकही नसतं. तिसऱ्या तक्रारीतली बरीच कॉमेंट इथूनच येत असणार. दुसरा संशय तुमच्या विंडो कॅप्चरवर आहे. त्यात फक्त मुख्य खिडकी रेकॉर्ड होते. खाली उघडणारा मेनू, वेगळ्या खिडकीत येणारा ॲट्रिब्यूट टेबल, सेव्ह ॲजचा डबा हे सगळं विंडोजच्या लेखी वेगळ्या खिडक्या असतात, ते व्हिडिओत येतच नाहीत. तुम्हाला समोर दिसतं म्हणून कळत नाही. त्याऐवजी सगळा पडदा घेणारं डिस्प्ले कॅप्चर लावा आणि व्हॉट्सॲप वेबच्या सूचना बंद करा, नाहीतर घरच्या ग्रुपवरचे सुप्रभात सगळ्या जिल्ह्याला दिसतील.

रंगाचं बघा. क्यूजीआयएसमध्ये रेषेची मूळ जाडी ०.२६ मिलिमीटर असते. सॅटेलाइट फोटोवर त्या जाडीची लाल हद्द मोबाइलवर दिसत नाही, कारण व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीच्या एक चतुर्थांशच ठेवतात. बारीक रंगीत रेघ आणि काळ्यावरचं लाल अक्षर सगळ्यात आधी फाटतं. गटाची हद्द ०.८ ते १ मिलिमीटर, पिवळी किंवा पांढरी ठेवा. काळी थीम वापरू नका. आणि मागे सॅटेलाइट चालू ठेवून नकाशा इकडून तिकडे ओढत बसू नका. तेवढ्या वेळात प्रत्येक पिक्सेल बदलतो, बिटरेट पुरत नाही आणि पडद्यावर नुसता चिखल होतो. आधी जागेवर जा, थांबा, मग बोला.

माउस कुठे आहे ते दिसण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. विंडोज, शिफ्ट आणि एच एकदम दाबलं की डाव्या आणि उजव्या क्लिकला वेगवेगळ्या रंगाचा ठिपका उमटतो. क्यूजीआयएसमध्ये पॉलिगॉन उजव्या क्लिकने संपतो. 'राइट क्लिक करा' हे कानावरून जातं, रंग बदललेला डोळ्याला कळतो. मोठं करून दाखवायला झूमइट आहे, पण तिथे एक खोडा आहे. त्याचं कंट्रोल १ आणि कंट्रोल २ हेच क्यूजीआयएसमध्ये लेयर्स आणि ब्राउझर पॅनेलचे शॉर्टकट आहेत. झूमइट चालू असेल तर तेच आधी उचलतं. झूमइटच्या सेटिंगमध्ये दुसरी कळ देऊन ठेवा.

---

लाइट_गेली, बीड

तीन हजारांतले पैसे माइकवर घाला, पण महागडा कंडेन्सर घेऊ नका. तो नाजूक कानाचा असतो, वरचा पंखा, रस्त्यावरचा टमटम, शेजारच्याचा मिक्सर सगळं गोळा करतो. साध्या खोलीत वायरचा कॉलर माइक किंवा यूएसबी डायनॅमिक माइक चांगला. कॉलर माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली. डायनॅमिक असेल तर तोंडापासून १०-१५ सेंटीमीटरवर आणि जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर थेट बसत नाही.

घुमण्याचं कारण माइक कमी आणि अंतर जास्त. लॅपटॉपचा माइक तोंडापासून दोन फुटांवर असतो, त्यामुळे तुमचा थेट आवाज आणि भिंतीवरून परत आलेला आवाज जवळपास सारख्या जोराने पोचतात. प्लास्टरच्या भिंती आणि फरशीच्या खोलीत हे होणारच. एकदा घुमलेलं रेकॉर्ड झालं की कुठल्याही फिल्टरने नीट निघत नाही. दोन जाड गोधड्या समोरच्या आणि मागच्या बाजूला टांगा, खाली सतरंजी टाका. एवढ्यानेच फरक कानाला कळतो. पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे हे मान्य, म्हणून आवाज पहाटे रेकॉर्ड करा.

ओबीएसमध्ये माइकचं मीटर बोलताना उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये नाचलं पाहिजे. शून्याला टेकलं की आवाज फाटला. फिल्टर लावताना क्रम असा: आधी नॉइज सप्रेशन (त्यात आरएनएनॉइज निवडा), मग कॉम्प्रेसर, शेवटी लिमिटर उणे ३वर. क्रम उलटा केला तर कॉम्प्रेसर आधी पंख्याची घरघर वर उचलतो आणि मग सप्रेशनला ती आवाजापासून वेगळी काढता येत नाही. एका कानातच ऐकू येत असेल तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये मोनोवर टिक करा. शेवटी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १४ ते उणे १६ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं माप). यूट्यूब जास्त मोठा आवाज उणे १४च्या आसपास खाली आणतं, पण लहान आवाज मोठा करून देत नाही. त्यामुळे हळू आवाजाचा व्हिडिओ हळूच राहतो, आणि स्वस्त मोबाइलच्या स्पीकरवर तर तो संपलाच.

आता माझ्या नावाला जागतो. रेकॉर्डिंग एमपी४मध्ये करू नका, एमकेव्हीमध्ये करा. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली किंवा ओबीएस लटकलं तर ४० मिनिटांची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही जिथवर लिहिली तिथवर शाबूत राहते. नंतर फाइल मेनूमधलं रीमक्स रेकॉर्डिंग्ज वापरून एमपी४ करा, मिनिटभराचं काम, दर्जा तसूभरही कमी होत नाही. ओबीएसच्या ३०.२ आवृत्तीपासून हायब्रिड एमपी४ आलंय, तेही चालतं. रेट कंट्रोल (दर्जाची सेटिंग) सीक्यूपी किंवा सीआरएफ १८ ते २०, फ्रेम रेट ३०. स्क्रीन बहुतेक वेळ स्थिर असते म्हणून फाइल फार फुगत नाही. साठ फ्रेम गेम खेळणाऱ्यांना, आपल्याला काय करायचंय.

---

गट_नंबर_१४४, नांदेड

वरचं दोघांचं बरोबर आहे, पण शिवारभाऊ, पडदा आणि आवाज सुधारून चौथी तक्रार जाणार नाही. तिसरी अर्धीच जाईल. बघणारा तुमच्या मागे मागे येत असतो आणि एका ठिकाणी त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं येतं. तिथे तो अडकतो. व्हिडिओ तिथेच तयार व्हायला पाहिजे.

शून्याचं घ्या. ही एक तक्रार नाही, तीन वेगळे बिघाड आहेत.

पहिला: निव्वळ ० येतो. फील्ड कॅल्क्युलेटर उघडला की नव्या कॉलमचा प्रकार आपोआप पूर्णांक असतो. एक एकराचा गट ०.४० हेक्टर, पूर्णांकात तो ० झाला. प्रकार डेसिमल करा, लांबी १०, दशांश स्थळं ४ ठेवा. सातबारावर हेक्टर-आर असतं, ताळा करताना चार स्थळं बरी पडतात.

दुसरा: ०.०००००० आणि पुढे काहीतरी. लेयर ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या प्रणालीत आहे, म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या अंशांत, आणि त्याने भूमितीवरून सरळ एरिया काढणारं फंक्शन वापरलंय. उत्तर चौरस अंशांत येतं. आपल्या अक्षांशावर एक हेक्टर म्हणजे सुमारे ०.०००००००८६ चौरस अंश... थांबा, एक शून्य जास्त पडलं: ०.००००००८६. बघा, लिहितानाच हे होतं, तर बघणाऱ्याला काय कळणार. म्हणून हा आकडा व्हिडिओत मुद्दाम आणून दाखवा. 'असं दिसलं तर लेयर अंशांत आहे' एवढं वाक्य पुरे.

तिसरा: डॉलर चिन्हाचं एरिया फंक्शन वापरलं तरी चुकतं. ते प्रोजेक्टच्या एलिप्सॉइडवरून (पृथ्वीच्या गोलाईचं गणिती रूप) मोजतं. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या जनरल टॅबमध्ये एलिप्सॉइड नन असेल तर ते सपाट मोजणी करतं आणि पुन्हा चौरस अंशच हातात येतात. तिथे डब्ल्यूजीएस ८४ आहे का आणि खाली क्षेत्रफळाचं एकक चौरस मीटर आहे का, ते दाखवून मगच १०,०००ने भागा.

बफरचंही हेच दुखणं. नाल्याच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर म्हणून ५० टाकतात, लेयर अंशांत असते, आणि बफर श्रीलंकेच्या पार जातो. डब्यात आकड्याशेजारी 'डिग्रीज' आणि पिवळा त्रिकोण दिसतो. तो त्रिकोण झूम करून पाच सेकंद धरून ठेवा.

मग लेयर कुठल्या प्रणालीत सेव्ह करायची? इथे मराठवाड्यात एक गोम आहे, ती व्हिडिओत सांगणारं कुणी दिसत नाही. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी प्रणाली. तिचा ४३वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व, म्हणून सगळे ईपीएसजी ३२६४३ सांगतात. लातूर, बीड, परभणी, संभाजीनगर, काहीच अडचण नाही. पण किनवट ७८ अंशांच्या पूर्वेला आहे, म्हणजे ४४व्या पट्ट्यात, ईपीएसजी ३२६४४. माहूर अलीकडे, किनवट पलीकडे. कुणी एका गावाला ४३ आणि शेजारच्याला ४४ लावून फाइली एकत्र केल्या आणि एखादीला पट्टा चुकीचा चिकटवला, की गाव सहाशे किलोमीटरहून लांब जाऊन पडतं. सोपा नियम सांगा: नांदेड जिल्ह्यासाठी सगळीकडे ३२६४३च ठेवा. किनवटकडे सपाट मोजणीत क्षेत्रफळ ०.२ टक्क्यांच्या आसपास जास्त येतं, हेक्टरी २० चौरस मीटर. बांधबंदिस्तीच्या कामाला ते चालतं, आणि एलिप्सॉइडवर मोजलं तर तेही उरत नाही. आणि 'सेट लेयर सीआरएस' आणि 'रीप्रोजेक्ट लेयर' यातला फरक स्वतंत्र चार मिनिटांचा व्हिडिओ मागतो. पहिल्याने फक्त प्रणालीच्या नावाची पाटी बदलते, दुसऱ्याने आतले आकडे बदलतात. निम्मे गोंधळ याच्यातले.

आता 'मेनूच नाही'. आवृत्ती सांगा, तीही पहिल्या दहा सेकंदांत आणि वर्णनातही. जिओरेफरन्सर आधी रास्टर मेनूत होता, ३.२६पासून लेयर मेनूत गेला. पाणलोटासाठी सागा या जोडसॉफ्टवेअरची साधनं पूर्वी टूलबॉक्समध्ये आपोआप असायची, आता सागा नेक्स्टजेन हे प्लगइन आणि सागा वेगळं टाकावं लागतं. तुमच्या पाणलोटाच्या व्हिडिओत सागा असेल तर तो पुन्हा करा, ग्रास या दुसऱ्या जोडसॉफ्टवेअरच्या आर.वॉटरशेडने. दीर्घ मुदतीची आवृत्ती धरा, म्हणजे एलटीआर, आणि मेनूची वाट सांगण्याबरोबर प्रोसेसिंग टूलबॉक्सच्या शोधपट्टीत नाव टाइप करायलाही शिकवा. मेनू हलतात, नाव सहसा हलत नाही.

जिओरेफरन्सचा विषय काढलाय म्हणून: गावनकाशाचा मोबाइलने काढलेला फोटो वापरू नका, स्कॅन घ्या. फोटोत कडा वाकतात. पॉलिनॉमियल १ या बसवण्याच्या पद्धतीला कमीत कमी तीन बिंदू लागतात, पण तीनवर चूक ० दाखवते, कारण तीन बिंदूंतून ते गणित बरोबर बसणारच. सहा ते आठ घ्या, चार कोपऱ्यांकडे आणि दोन मध्ये. तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी विहीर, नाल्यावरचा पूल अशा खुणा धरा. हल्लीचा डांबरी रस्ता धरू नका, तो नकाशानंतर सरकलेला असू शकतो. थिन प्लेट स्प्लाइन या पद्धतीत तर चुकीचा बिंदूही ० चूक दाखवतो, म्हणून नवख्याला ते दाखवूच नका. निजामकाळातल्या नकाशावर नावं उर्दूत असतात, तिथे नावावर विसंबून चालत नाही, शिवेचा आकार बघावा लागतो. हे वाक्य आपल्या भागातल्या व्हिडिओत हवंच.

आणि सरावाचा डेटा द्या. याच्याशिवाय सगळं फुकट. एका झिपमध्ये एक स्कॅन, गटांची एक जिओपॅकेज फाइल, एक लहान डीईएम, आणि 'उत्तर' नावाची एक फाइल. फोल्डर सरळ डी ड्राइव्हवर, नावात मोकळी जागा नाही, मराठी अक्षर नाही. ग्रासची काही साधनं तसल्या मार्गावर अजून अडखळतात. शेपफाइल (नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार) देऊ नका. तिच्या कॉलमचं नाव १० बाइटांचं असतं आणि देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट खातं, म्हणजे 'शेतकरी' लिहायला गेलं तर 'शेत'वर अडतं. मात्राही अक्षरच मोजली जाते. एक्सेलमधून नावांची यादी आणायची तर सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवडून. यादी कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी भलतीच अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम येतात.

---

बांधावरून, धाराशिव

१४४ यांनी एवढं लिहिलं की माझ्यासाठी गळतीचाच मुद्दा राहिला.

दीड मिनिटात निम्मे जातात याला लांबी कारणीभूत नाही, सुरुवात आहे. फिरणारा लोगो, संगीत, 'नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओत आपण', चॅनेल सबस्क्राइब करा, क्यूजीआयएस म्हणजे काय, जीआयएसचा इतिहास. ज्याला दुपारी साहेबाला गटाचं क्षेत्रफळ द्यायचंय तो कशाला थांबेल? पहिल्या १५ सेकंदांत तयार झालेला नकाशा दाखवा, आवृत्ती सांगा, कोणती फाइल लागते ते सांगा, सुरू करा.

एका व्हिडिओत एकच काम. 'गटाचं क्षेत्रफळ काढणे' हा ५ मिनिटांचा व्हिडिओ. ३५ मिनिटांचा तुकडा करताना जिथे फाइल सेव्ह होते तिथे तोडा, म्हणजे पुढच्या तुकड्याला तीच फाइल देता येते. मागे संगीत नको. चेहरा कोपऱ्यात नको, विशेषतः खाली उजव्या कोपऱ्यात तर नकोच. क्यूजीआयएस तिथेच प्रोजेक्टचा ईपीएसजी क्रमांक दाखवतं, आणि तुमचा हसरा फोटो नेमका त्यावर बसतो.

बोलण्याचं एक सांगतो. आधी नाव, मग जागा, मग क्लिक. 'आता इथे क्लिक करायचं, मग हे घ्यायचं' असं म्हणू नका, बघणाऱ्याचे डोळे त्या क्षणी स्वतःच्या लॅपटॉपवर असतात. 'वर व्हेक्टर मेनू, त्यात जिओप्रोसेसिंग टूल्स, त्यात बफर' असं म्हणा. क्लिकनंतर दोन सेकंद गप्प राहा. त्याला पॉझ दाबायला तेवढा वेळ लागतो.

---

शिवार_नकाशा, लातूर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. तपासलं: विंडो कॅप्चरच निघालं, आणि खरंच मेनू उघडलेला व्हिडिओत कुठेच दिसत नाही. तीन व्हिडिओंमध्ये नुसता माउस हवेत फिरतोय.

दोन शंका. एक, जुने अकरा काढून टाकू का? दोन, शब्द मराठी वापरू का? कुणी म्हणतं लेयरला 'थर' म्हणा, बफरला 'परिसीमा पट्टा'.

---

काळी_माती, परभणी

दुसऱ्याचं आधी. पडद्यावर जो शब्द छापलाय तोच तोंडात ठेवा. लेयर, बफर, क्लिप, ॲट्रिब्यूट टेबल. 'थर' म्हटलं की तो पडद्यावर 'थर' शोधत बसतो. मराठी लागते ती बाकी सगळ्या ठिकाणी: शीव, बांध, गट, नाला, पाझर तलाव, शेततळं, गुंठा. उदाहरणात 'पॉलिगॉन काढा' म्हणू नका, 'गट १२ची हद्द काढा, कोपऱ्या-कोपऱ्यावर क्लिक' म्हणा. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये आल्यावर एकदा ४०ने गुणून चुकीचे गुंठे काढणारे लोक भेटतील. एकराचे गुंठे ४०, हेक्टरचे साधारण ९९. पडद्यावर एक ओळ टाका.

जुने काढू नका. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, नवा चढवला की लिंकही नवी. जुन्या लिंका व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये फिरत असतात, त्या मेल्या तर लोक परत येत नाहीत. असं करा: शीर्षकात पुढे 'जुनी आवृत्ती' लिहा, वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कॉमेंटमध्ये नव्याची लिंक द्या. सुरुवातीचं पाल्हाळ यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधूनच कापता येतं, लिंक तीच राहते.

जे ठेवाल त्यांना चॅप्टर घाला. वर्णनात वेळा लिहायच्या, पहिली ०:०० पाहिजे, निदान तीन पाहिजेत, आणि प्रत्येक तुकडा १० सेकंदांपेक्षा लहान नको. यातलं एक चुकलं तरी चॅप्टर दिसत नाहीत. वेळांचे आकडे इंग्रजी अंकांत लिहा.

---

गट_नंबर_१४४, नांदेड

जुन्यांचा एक उपयोग आहे. यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा (कुठपर्यंत किती लोक बघत राहिले त्याचा) आलेख उघडा. उतार बघू नका, मध्येच वर गेलेले उंचवटे बघा. उंचवटा म्हणजे लोक मागे जाऊन तेवढंच पुन्हा पुन्हा बघताहेत. बहुतेक वेळा तिथे तुम्ही काहीतरी न बोलता केलेलं असतं: एडिटिंगची पेन्सिल दाबली, स्नॅपिंग चालू केलं, सेव्ह केलं. ती प्रत्येक जागा लिहून काढा, नव्या मालिकेच्या विषयांची यादी तयार.

चढवण्याआधीची तपासणी. ज्याने क्यूजीआयएस उघडलेलं नाही असा एक माणूस बसवा, तुमचा व्हिडिओ मोबाइलवर ३६०ला लावा, आणि तुम्ही त्याच्या मागे बसा, बोलायचं नाही. तो कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे तुमच्याकडे वळून बघितलं, त्या वेळा लिहा. वळून बघितलेल्या जागा पुन्हा रेकॉर्ड करा, बाकीचं राहू द्या.

---

लाइट_गेली, बीड

आणि प्रोजेक्ट फाइल, स्क्रिप्ट, कच्चं एमकेव्ही एका फोल्डरमध्ये क्रमांक टाकून ठेवा. पुढच्या एलटीआरला एखादा मेनू हलला की तेवढे २० सेकंद बदलून नवा व्हिडिओ काढता येतो. आवाज वेगळ्या ट्रॅकवर असेल तरच हे जमतं. ओबीएसमध्ये ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइक ट्रॅक २वर टाका, आणि आउटपुटच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये ट्रॅक १ आणि २ दोन्हींवर टिक करा. दुसरी टिक लोक विसरतात.